माझ्याच हातात किंचाळणारं यंत्र
ट्रंक उघडली की सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास येतो आणि बंगळुरात यशवंतपूरच्या पलीकडचं आमच्या प्रयोगशाळेचं लाल मातीचं आवार डोळ्यांपुढे येतं. साठच्या दशकाची सुरुवात असेल. जमिनीत पुरलेले नळ शोधणारं यंत्र आम्ही बनवलं होतं; काठीच्या टोकाला तारेचं कडं आणि कानाला हेडफोन. मी नवशिकी, विभागातली एकटीच बाई. पुरुषांच्या हातात ते यंत्र शहाण्यासारखं गप्प असायचं, माझ्या हातात आलं की पावलागणिक किंचाळायचं. आमचे कानडी साहेब म्हणाले, "राहू दे अक्का, तू आपले आकडे लिही." असा राग आला मला! "स्वल्प थांबा, सर," म्हणून मी जागच्या जागी उभी राहिले. आवाज बंद. उजवं पाऊल कड्याजवळ नेलं, आवाज. डावं नेलं, पुन्हा तेच. खाली पाहिलं आणि हसूच फुटलं, कारण सँडलमधून माझी चांदीची जोडवी चमकत होती. सासूबाई काय म्हणतील हा विचार बाजूला सारून मी ती काढली, पदरात बांधून कमरेला खोचली आणि निघाले. बरीच पावलं शांतता, मग एकच खणखणीत सूर. तिथे खणलं, तर हातभर खाली पाण्याचा नळ! महिन्याभराने साहेबांनी लिहिलेलं यंत्राचं इंग्रजी सूचनापत्रक निघालं, तेच आज हातात धरून बसले आहे: 'चालवणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ आणि जोडवी काढून ठेवावीत.' अख्ख्या विभागात जोडवी घालणारी मी एकटीच होते.