तनूचा दात आणि माझं लिनक्स

किस्से कसे साठतात, सांगू? ज्याची फजिती होते तो विसरू पाहतो आणि बाकीचे रोज चहाबरोबर उकळत ठेवतात. आमच्या स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर ६ मधल्या बैठकीत ती फजिती बहुतेक माझीच असते. म्हटलं, लोकांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

* * *

पहिला प्रयोग माझ्याच जुन्या लॅपटॉपवर. फुकटातली लिनक्स सिस्टीम टाकली, मशीन पळायला लागली, पण वायफाय गायब! ऑफिसात उपाय शोधला: ड्रायव्हर डाउनलोड करा. कुठून? नेटवरून!

बायको कणीक मळता मळता म्हणाली, "म्हंजे विहीर खोदाले पह्यले विहिरीचंच पानी पायजे का?"

शेवटी फोन केबलनं जोडून त्याचं नेट घेतलं. पाच मिनिटांचं काम, मला चार दिवसांनी सुचलं. तरी त्या दिवसापासून हा प्लांटातला क्लार्क स्वतःला इंजिनियर समजू लागला.

* * *

मग नंदिनी गावातला माझा मित्र डोंगरे. त्याच्याही लॅपटॉपवर मीच लिनक्स टाकलं, त्याचंही वायफाय लागेना. स्कूटरनं गेलो. दीड तास कमांडवर कमांड मारल्या. डोंगरे शेजारी बसून बघत होता.

"नाही होत यार," मी घाम पुसला.

"लाइट त सकाळपासूनच नाही. राउटर कसा चालन? तू येवढ्या जोशात होता, म्हटलं मधात कायले बोलाचं!"

* * *

इथवर हसलो. पुढचं सांगताना मान खाली जाते.

बावनकर काका प्लांटातून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. घरात एक साधा बटणांचा फोन आणि एक लॅपटॉप. दर रविवारी त्यावर बंगळुरूची नात तनू दिसायची.

"तिचा पह्यला दात हालून राह्यला म्हने. रविवारी दाखवनार हाय!" काकू सांगत होत्या.

शनिवारी, मशीन पळवून दाखवतो म्हणत मी त्यांचा लॅपटॉप घरी नेला, लिनक्स टाकलं. वायफाय गेलं आणि रविवारही गेला. सिस्टीम पुन्हा टाकली. दुसरा रविवार गेला. मग सरळ ठोकून दिलं, "काका, तुमचा राउटर जुना झाला." काका नवा घेऊन आले. तिसराही रविवार गेला.

माझ्या फोनवरून काका-काकूंना तनू दाखवता आली असती. पण ती माझी हार झाली असती ना! लाज वाटते सांगायला.

* * *

बुधवारी काकांनी सहज विचारलं, "बाजूचा स्विच चालू केला का तू?"

लॅपटॉपच्या कडेला वायफायचा बारकासा स्विच होता.

"तुले देताना मीच बंद केला. मशीन रिपेअरले देताना लाइन बंद करूनच द्याची, प्लांटात जिंदगीभर तेच केलं."

"मग सांगितलं नाही काका?"

"काम घेनारा पह्यले इचारते, काय काय बंद हाय म्हनून."

स्विच सरकवला. वायफाय लागलं. नव्या राउटरकडे मला बघवेना.

* * *

चौथा रविवार. तनू पडद्यावर आली. काकू म्हणाल्या, "दाखव बरं दात!"

"आजी, वो तो कब का गिर गया! नया आ रहा है, देखो!"

काकू पडद्याजवळ गेल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. मग माझा हात धरून मला कॅमेऱ्यासमोर ओढलं.

"तनू, हा आपला विनय. रोज येऊन येऊन यानंच नेट चालू करून देल्लं. थँक्यू म्हन."

"थँक्यू, अंकल!"

मी म्हणालो, "वेलकम, बेटा!"