दहा इंची पडदा

गाडीतला टेप मी आवाज न ऐकता, नुसता पडदा बघून घेतला. उन्हात तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की ती खरेदी आठवते. परभणीच्या दुकानदारानं माझ्या बजेटात बसणारे दोन टेप पुढे ठेवले होते. एकाचा पडदा लहान, पण आवाज खणखणीत. दुसरा दहा इंची, रस्ता दाखवणारा, आवाजाला बेताचाच. मी दहा इंचीवर बोट ठेवलं. दिवस थंडीचे होते, त्यामुळे एसीच्या मधल्या दोन्ही जाळ्या त्या पडद्यानं झाकल्या, हे ध्यानातच आलं नाही. मग मे महिन्यात सासऱ्यांना पाथरीला लग्नाला जायचं निघालं. ते म्हणाले, "आमी एस्टीनं जातो, खिडकीतून वारं तरी लागतंय." मी म्हणालो, "मामा, जावयाची एसी गाडी दारात असताना एस्टी कशाला?" या एका फेरीत सासरवाडीला आपला भाव वाढवायचा, असा माझा पक्का बेत होता. मानवत येईस्तोवर मागं बसलेल्या सासऱ्यांचा सदरा पाठीला चिकटला. एसी जोरात होता, पण सगळा गारवा पडद्याच्या पाठीला. तरी मी ऐटीत म्हणालो, "बघा मामा, पाथरी किती राहिली तेबी दाखवतो." आजही तो पडदा तिथंच आहे, आणि टोपीनं वारा घेत सासरे जे बोलले तेही मी विसरलेलो नाही. "जावईबापू, पाथरी आमाला ठावं हाय. एवढा मोठा टीव्ही घेतलाय, तर त्याच्यावर पंख्याचं चित्र तरी लावा!"