कंपनीचा उसना आजोबा

अड्डाला नूकय्या टाकीत बोट बुडवायचा, ते जिभेवर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "सतरा." मग एम.एस्सी. झालेली पोरं परदेशी मीटर पाण्यात सोडायची. मीटरही म्हणायचं सतरा. पोरांना मीटरचा फार अभिमान वाटायचा.

पाणी किती खारट आहे हे जिभेवर कळणं ही त्याची वडिलोपार्जित इस्टेट. दुसरी कुठली इस्टेट नव्हतीच. बाप पेंटय्या. त्याच्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं चौथ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि नावही तेच ठेवलं. पेंटय्या म्हणजे आपला उकिरडेराव. असल्या नावाच्या पोराकडे यम ढुंकून बघत नाही असं आमच्या गोदावरीच्या मुखाकडे मानतात. यमानं खरंच एकोणऐंशी वर्षं बघितलं नाही.

या पेंटय्यानं कोत्तलंका गावातलं कोळंबीचं पहिलं तळं खणलं. खाडीत छातीभर पाण्यात उभं राहून जुन्या मच्छरदाणीनं पिल्लं गोळा केली आणि भाताच्या शेतात खारं पाणी घेतलं. गाव म्हणालं, म्हातारा वेडा झाला. पाच वर्षांत सगळं गाव वेडं झालं. मग पंच्याण्णव साली पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि तळीच्या तळी लाल होऊन मरायला लागली. लोक बांधावर डोक्याला हात लावून बसले. पेंटय्यानं तळं उपसलं, चार मोठ्या कढया मागवल्या आणि म्हणाला, "रडायचं नंतर. आधी खाऊन घ्या." आठ दिवस गाव कोळंबी जेवलं. नवव्या दिवशी रडायला कुणाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

नूकय्या बापाच्या हाताखाली तयार झाला, पण बापाची हिंमत काही त्याच्याकडे आली नाही. बाप बोलायचा, हा मान हलवायचा. तीस वर्षं तळ्यात उभं राहून गुडघे गेले, तेव्हा त्याची बायको सत्तेम्मा म्हणाली, "आता पाण्याबाहेरची नोकरी बघा." म्हणून तो कलिदिंडी रामभद्र राजुंच्या, आमच्याकडच्या मानानं राजुगारुंच्या, कंपनीत लागला.

राजुगारुंची कंपनी म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड आणि आत अठरा टाक्या. तिथल्या कोळंबीनं जन्मात सूर्य बघायचा नाही, पाऊस बघायचा नाही, कावळा तर नाहीच. आत जायचं तर पाय औषधात बुडवा, पांढरा डगला घाला, केसांवर टोपी चढवा. सत्तेम्मानं नवऱ्याला त्या वेषात पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "बाळंतपण कोणाचं आहे?"

पहिली खेप सबंध मेली होती. दुसऱ्या खेपेला नूकय्यानं बोट चाखून सांगितलं, "नवव्या टाकीत गोडं पाणी झिरपतंय." नळ उघडून बघितलं, खरंच झिरपत होतं. तेव्हापासून त्याला 'जलसल्लागार' म्हणायला लागले. त्याला त्या शब्दापेक्षा खुर्ची मिळाली याचा आनंद जास्त झाला.

खुद्द राजुगारुंनी आयुष्यात बरंच काही केलं होतं. आधी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. पोरं मिळेनात म्हणून त्याच इमारतीत लाव्हे पाळले. मग इमू आणले. एके दिवशी इमू कुंपण मोडून पळाले आणि त्यांच्या मागे त्यांच्यात पैसे घातलेले लोकही पळाले, ते मात्र राजुगारुंना शोधत. आता कोळंबी. माणूस वाईट नव्हता. फक्त आरसा दिसला की त्याला त्यात थोर माणूस दिसायचा.

चेन्नईच्या तिलकवतीअम्मा कंपनीत मोठी रक्कम घालणार होत्या. त्यांनी कळवलं, संक्रांतीला कोंबड्यांच्या झुंजी बघायला येतेच आहे, तेव्हा शेडही बघेन. टाक्या सगळ्यांकडेच असतात, तुमची पार्श्वभूमी काय ते सांगा.

राजुगारुंची पार्श्वभूमी इमू होती. म्हणून हैदराबादहून स्फूर्ति नावाची मुलगी बोलावण्यात आली. कंपन्यांना मुळं लावून देणं हा तिचा धंदा. दोन दिवस तिनं राजुगारुंच्या घरातले फोटो चाळले. त्यांचे आजोबा वेंकटपति राजु राइस मिलवाले, प्रत्येक फोटोत खुर्ची भरून बाहेर सांडलेले. या गृहस्थांनी कधी पाण्यात पाय घातला असेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता. बादलीत बसले असतील, तर तेवढंच.

तिसऱ्या दिवशी स्फूर्ति नूकय्याकडे खेकड्याचं कालवण खायला आली आणि भिंतीवर तिला मूळ सापडलं. मांडीभर पाण्यात उभा लंगोटीतला पेंटय्या, काखेत टोपली, दातात चुट्टा, म्हणजे आमच्याकडची अंगठ्याएवढी जाड विडी, आणि तोंडभर हसू. मत्स्यखात्याच्या कुणा साहेबानं काढलेला, पेंटय्याच्या जन्मातला एकुलता एक फोटो.

"काका, दोन दिवसांसाठी नेते हं. स्वच्छ करून देते," ती म्हणाली.

नूकय्यानं सवयीप्रमाणे मान हलवली.

आठवड्यानं तो कामावर गेला तर दर्शनी दालनात बाप उभा. पुरुषभर उंचीचा, सोनेरी चौकटीत, गळ्यात चंदनाचा हार. लंगोटीच्या जागी कॉम्प्युटरनं पांढरंशुभ्र धोतर नेसवलेलं, दातातला चुट्टा गायब. खाली पितळी पाटी: कै. कलिदिंडी वेंकटपति राजु, आद्य प्रवर्तक. नूकय्या बराच वेळ बघत राहिला. हसू तेवढं बापाचं राहिलं होतं. त्याला बाप चोरीला गेल्यासारखं वाटलं, आणि चोरीची तक्रार कुठे करायची ते कळेना.

तो राजुगारुंकडे गेला. "बाबू, तो माझा नाना आहे, माझा बाप."

"अरे, मग आनंद नाही का झाला तुला? केवढा मान!"

"पण नाव..."

"नूकय्या, तूच सांग. कंपनीच्या पहिल्या पानावर 'उकिरडा' लिहू? तिलकवतीअम्मा येतात आणि चार दिवसांत जातात. त्या गेल्या की बघू."

"मग माझा फोटो तरी परत द्या."

तो स्फूर्तिकडे होता. नव्हे, तिच्याकडे त्याचे तुकडे होते. जुना कागद ओलीनं काचेला चिकटला होता, काढताना फाटला. ती बिचारी खरोखरच रडवेली झाली. आता पेंटय्याचं जगातलं एकच चित्र उरलं होतं, आणि ते राजुंच्या घराण्यात दत्तक गेलं होतं.

घरी सत्तेम्मा चुलीपाशी चुट्टा ओढत होती. आमच्या बायका ओढतात तसा, पेटतं टोक तोंडात घालून. तिनं तो बाहेर काढला तेव्हाच नूकय्यानं ओळखलं, की आता खैर नाही.

"आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता," ती म्हणाली, "आयत्या बापावर नातू पहिल्यांदाच बघते! आणि परवा संक्रांत. मामंजींना कपडे कुठे ठेवायचे?"

प्रश्न खराच होता. संक्रांतीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांपुढे नवे कपडे आणि त्यांच्या आवडीचं खाणंपिणं ठेवतात. मग थोरल्या मुलानं आडनावासकट नाव घेऊन तीनदा हाक मारायची. आडनाव चुकलं तर म्हातारा दुसऱ्याच्याच घरी जातो आणि वर्षभर उपाशी राहतो. उपाशी पितर घरात काय काय करतो, त्याची यादी सत्तेम्माला तोंडपाठ होती.

"भिंतीपुढे ठेवू की," नूकय्या म्हणाला. "खिळा आहेच."

"खिळ्याला घालू का धोतर? हार जिथं, म्हातारा तिथं. त्याला तिकडे अख्खी कंपनी राजुगारु म्हणून नमस्कार करते आहे. उद्या त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं तर? आधीच तो हरभऱ्याच्या झाडावर चढायचा."

"नोकरी जाईल गं."

"नोकरी दुसरी मिळेल. बाप मिळेल का?"

नूकय्याला त्या रात्री झोप आली नाही. त्याला नोकरी हवी होती. खुर्चीसुद्धा हवी होती. आणि बाप वर्षभर कुणा राइस मिलवाल्याच्या नावाखाली उपाशी बसणार हेही त्याला बघवत नव्हतं.

संक्रांतीच्या सकाळी तो डगला घालून दालनात उभा राहिला. राजुगारुंनी त्याला चार वाक्यं पढवली होती. थोरले राजुगारु बोटानं पाणी चाखत. त्यांनीच मला शिकवलं. त्यांच्यामुळे आम्ही आहोत. नमस्कार. तिलकवतीअम्मा आल्या. पांढरे केस, कानात जाड हिरे, पायात साध्या चपला. फोटोपुढे थांबून त्यांनी हात जोडले.

"हे आपले आजोबा?"

"हो," राजुगारु म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. आठवडाभर सांगून सांगून त्यांना ते पटलं होतं. "आमचे जलसल्लागार सांगतील. बोल नूकय्या."

नूकय्यानं तोंड उघडलं, आणि दारातून सत्तेम्मा आत आली. डोक्यावर टोपली. रखवालदारानं पाय बुडवायला सांगितलं होतं, म्हणून औषधाची ओली पावलं फरशीवर उमटवत ती सरळ फोटोपुढे गेली. तिनं केळीचं पान मांडलं. त्यावर भात, सुक्या मासळीचं कालवण, बाजूला ताडीचं मडकं, नवा पंचा, एक चुट्टा. सगळं लावून झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "हाक मारा. जेवण निवतंय."

सगळे नूकय्याकडे बघायला लागले. राजुगारुंनी डोळे एवढे मोठे केले की पढवलेली चारही वाक्यं त्यात दिसावीत. या वेळी नुसती मान हलवून दोन्हीकडचे खूश होणार नव्हते. नूकय्यानं केसांवरची टोपी काढली.

"अड्डाला पेंटय्या!" तो ओरडला. आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "अड्डाला पेंटय्या! नाना, मी नूकय्या. अड्डाला पेंटय्या, ये, जेव!"

आणि तो रडायलाच लागला. सात वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा लोकांपुढे लाज वाटून तो रडला नव्हता, ते रडूसुद्धा आत्ताच आलं.

तिलकवतीअम्मांना तेलुगू येत होती. चेन्नईत निम्म्या लोकांना येते. त्यांनी पितळी पाटी वाचली, पान बघितलं, राजुगारुंकडे बघितलं.

"तुमचे आजोबा ताडी घेत?"

"म्हणजे... कधीमधी..."

"खरं काय करत ते?"

राजुगारुंनी छताकडे पाहिलं. तिथे मदतीला कुणी नव्हतं. "राइस मिल होती," ते अगदी लहान आवाजात म्हणाले.

"मग तसं लिहा की. कोळंबी भाताबरोबरच खातात ना?" त्या हसल्या आणि पानापुढे मांडी घालून बसल्या. "नूकय्या, सांगा तुमच्या नानांबद्दल."

नूकय्यानं सांगितलं. मच्छरदाणी, तळं, लाल झालेली कोळंबी, चार कढया. जन्मात एवढं तो सलग बोलला नव्हता. कढयांपाशी तिलकवतीअम्मा मोठ्यांदा हसल्या. पैसेवालं माणूस हसलेलं बघितल्याबरोबर राजुगारुंच्या जिवात जीव आला.

"मी तेच म्हणत होतो!" ते पुढे सरसावले. "पेंटय्यागारु म्हणजे आमचे गुरू. आजोबांसारखेच. स्फूर्ति, पाटी बदल. आद्य गुरू लिही."

"नको," नूकय्या म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, याचं सर्वांत जास्त आश्चर्य सत्तेम्माला वाटलं.

"नको बाबू. तो कुणाचा गुरू नव्हता. माझा बाप होता. मी घेऊन जातो."

पाहुणीसमोर राजुगारु काय बोलणार? दोघा नवराबायकोंनी हार खिळ्यालाच ठेवून चौकट उतरवली आणि डोक्यावर घेतली. पुढे नूकय्या, मागे सत्तेम्मा, आणि वर आडवा झालेला पेंटय्या आकाशाकडे बघून हसतोय, अशी वरात बांधावरून घरी गेली. झुंजीला निघालेल्या लोकांनी कोंबडे काखेत धरून वाट दिली. घरी सत्तेम्मानं चुलीतला कोळसा घेऊन सासऱ्याच्या दातात चुट्टा काढला. जरा वाकडा आला, पण म्हातारा एकदम ओळखू यायला लागला.

नोकरी गेली नाही. नवव्या टाकीचा कारभार मीटरवर सोडायची कुणाची छाती नव्हती. कनुमाच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, नूकय्या कामावर गेला तर त्याच खिळ्यावर नवी चौकट. तीत दुसराच म्हातारा. टोकदार बांबूची टोपी, बारीक डोळे, हातात जाळं, मागे कुठल्या तरी परक्या मुलखातली भातशेती. गळ्यात कालचाच हार. खाली पाटीही तीच: कै. कलिदिंडी वेंकटपति राजु.

नूकय्या त्या माणसाकडे बघत राहिला. तो हसत नव्हता. लांबून चालत आल्यासारखा दमलेला दिसत होता. नूकय्यानं डबा उघडला, त्यातला एक गोड अरिसा काढून फोटोखाली ठेवला.

मागून राजुगारु आले. "आता हा कोण तुझा?"

"कुणाचा तरी बाप असेल की," नूकय्या म्हणाला. "काल संक्रांत होती, बाबू. त्याची पोरं तिकडे कुठे हाका मारत असतील, आणि हा इथे तुमच्या नावाखाली उपाशी उभा आहे."