राखणीच्या चपला

बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. तेराव्याच्या दानात काकाने गुरुजींना कोऱ्या करकरीत चपला आणि छत्री दिली. वरची वाट म्हणे तापलेली असते, काट्याकुट्यांची असते, जाणाऱ्याचे पाय पोळू नयेत म्हणून हे दान. मला ते पटलं नव्हतं, पण आवडलं होतं. बाबांना ऊन अजिबात सोसायचं नाही. मग त्याच संध्याकाळी काकाने बाबांच्या जुन्या चपला रॅकमधून काढल्या, फडक्याने पुसल्या आणि आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर, पायपुसण्याशेजारी नीट जोडून ठेवल्या. म्हणजे नव्या चपला घालून बाबा स्वर्गाला निघाले आणि जुन्या घालून सदाशिव पेठेत ड्युटीवर राहिले.

“वहिनी, ह्या आता इथेच राहू देत,” काका आईला म्हणाला. “दारात पुरुषाच्या चपला दिसल्या की येणारा दहा वेळा विचार करतो. तुम्ही दोघी बायका एकट्या राहणार म्हणजे एवढं तरी हवंच. नसेल जमत तर हा फ्लॅट विकून टाका आणि चला माझ्याकडे कोथरूडला. हॉलमध्ये दिवाण आहे.”

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. दुखवट्याचे सगळे दिवस तो राबला होता. त्याला आमची काळजी वाटायची, एवढंच आमचं दुर्दैव. आईने त्या दिवाणाकडे मनातल्या मनात एकदा बघून घेतलं असणार. हे दोन खोल्यांचं घर, तिने स्वतः लावलेली मांडणी, खिडकीतला कढीपत्ता, हे सगळं सोडून दिराच्या हॉलमध्ये उरलेलं आयुष्य काढायचं. पाहुणे आले की उठून आत जायचं. ती म्हणाली, “राहू देत चपला.” चपला बाहेर असतील तोवर आम्ही आत राहायचं, असा तो करार ठरला.

काकाला त्यावर रामायणही सुचलं. “भरताने तरी काय केलं? रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या. चौदा वर्षं पादुकांनी राज्य केलं! हे तर साधं बिऱ्हाड आहे.” आईला उत्तर सुचायला वेळ लागतो. ह्या उत्तराला तर काही वर्षं लागली.

चपला अंगठ्याच्या, चांगल्या चामड्याच्या होत्या. बाबा चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायचे, त्यामुळे डावीची टाच एका अंगाने झिजलेली होती. आई रोज सकाळी त्या उचलून झटकायची आणि परत ठेवताना मुद्दाम थोड्या वाकड्या ठेवायची. जोडून ठेवल्या तर कोणी काढल्यासारख्या वाटत नाहीत, दुकानातल्या वाटतात, असं तिचं म्हणणं. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून त्यांना खोबरेल चोळायची. आणि तिच्या स्वतःच्या चपला? त्या आत, रॅकच्या खालच्या कप्प्यात. माझ्याही तिथेच. दारात नुसत्या बायकांच्या चपला दिसल्या तर बाहेरच्याला घरातली माणसं मोजता येतात, हा काकाचा आणखी एक शोध होता.

आत भिंतीवर बाबांचा फोटो होता आणि त्याला चंदनाच्या पातळ सालींचा हार. पहिल्या वर्षी फोटोजवळून गेलं की मंद वास यायचा, पुढे तो हार नुसती धूळ धरायला लागला. दाराच्या आत बाबा हार घालून टांगलेले आणि दाराच्या बाहेर तेच बाबा नुकत्याच चपला काढून घरात शिरलेले! माझं डोकं फिरायचं. एकदा ठरवा ना काय ते, असं मला त्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटायचं.

बरं, फसवायचं तरी कोणाला? अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं बाबा गेलेत ते. खांदा द्यायला हीच माणसं होती. फसणार ते बाहेरचे. आणि बाहेरचे तेव्हा नको इतके वाढले होते. बाजार खुला झाला म्हणतात, तो आमच्या जिन्यातून वर येऊन बेल वाजवायचा. पाण्याचे फिल्टरवाले, व्हॅक्युम क्लीनरवाले, केबलवाले, कुरियरवाले, मग फोनवाले, मग क्रेडिट कार्डवाले. सगळे गळ्यात टाय बांधलेले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, “साहेब आहेत का?”

त्यावर आईचं ठरलेलं असायचं. दार अर्धवट उघडायचं, मान मागे वळवायची आणि रिकाम्या खोलीत हाक मारायची, “अहो, फिल्टरवाले आलेत!” मग उत्तर ऐकल्यासारखं थांबायचं. मग त्या माणसाला सांगायचं, “ते म्हणतायत, नको.” मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असायचे. माझं काम घसा खाकरण्याचं. जाड आवाजात, पुरुषी. ते मला इतकं छान जमायला लागलं की शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “अगं, क्षणभर तुझे बाबाच आलेत की काय असं वाटलं!” मी हसले आणि आत जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या. जो माणूस गेल्याचं दुःख करायचं, त्याचा खोकला मीच काढायचा? हा काय तमाशा!

पुढे मला हिंजवडीला नोकरी लागली. काका म्हणाला, “हिंजवडी? तिथे ऊस आहे. उसात कसलं ऑफिस?” मी म्हटलं, “उसातच आहे, काका. काचेचं आहे, लांबून दिसतं.” कंपनीची बस टिळक रोडवरून मला उचलायची आणि तिथेच आणून सोडायची. परतायला उशीर व्हायचा. मग काकाचे फोन सुरू झाले. पोरगी अंधाराची येते, वहिनी घरात एकट्या, चपला आहेत ना बाहेर? दर फोनच्या शेवटी चपलांची चौकशी. आजारी माणसाची करतात तशी. आई म्हणायची, “आहेत हो, आहेत.” एकदा क्रेडिट कार्डवाला आला, कार्ड माझ्या नावाचं, पगार माझा, सही माझी. तरी पठ्ठ्या म्हणतो, “मॅडम, साहेबांशी एकदा बोलून घेतो.” मी त्याला चपला दाखवल्या आणि म्हटलं, “ते बघा बसलेत, बोला.” आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि एका शनिवारी चपला चोरीला गेल्या.

भरदुपारी. मी घरात, आई घरात, दार फक्त लोटलेलं. चहाच्या वेळेला आई दूध आणायला निघाली तर पायपुसण्याशेजारी जागा मोकळी. मला आधी हसूच फुटलं. राखणदारच चोरीला गेला होता! शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “शनिवारी चपला गेल्या? अगं, पेढे वाटा. चोर पनवती घेऊन गेला तुमची!” आई मात्र उंबऱ्यावर बसली. त्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, “डावीची टाच झिजलेली आहे गं. ज्याने नेल्या त्याचा पाय मुरगळेल.” माझं हसू तिथेच आटलं. मला तेव्हा कळलं की मी ज्यांचा राग राग करत होते, त्या तिच्यासाठी निव्वळ बुजगावणं नव्हत्या.

तिनेच काकाला फोन केला. करार होता ना. “भावोजी, चपला गेल्या,” एवढंच सांगितलं. तिचा आवाज घाबरलेला होता आणि मला त्या आवाजाची भयंकर चीड आली. आता पुन्हा दिवाणाचं निघणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

रविवारी सकाळी काका लक्ष्मी रोडवरून खोकं घेऊन हजर. खोक्यातून नव्या चपला काढल्या. काळ्या, चकचकीत, नऊ नंबरच्या. दाराबाहेर मांडल्या, मागे सरून बघितल्या, आणि समाधानाने म्हणाला, “झालं! आता काळजी नको.”

आई पदराला हात पुसत बाहेर आली. चपलांकडे बघितलं.

“भावोजी, ह्या कोणाच्या?”

“कोणाच्या म्हणजे? पुरुषाच्या.”

“ते दिसतंय. पण कोणत्या पुरुषाच्या?”

काका गोंधळला. “अहो वहिनी, कोणत्या असं नाही. आपल्या अशाच… एका पुरुषाच्या.”

“अशाच एका पुरुषाच्या,” आई म्हणाली. “माझ्या दारात. ह्यांच्या होत्या त्या नवऱ्याच्या होत्या, मी तेल लावलं, झटकल्या, काही म्हटलं नाही. ह्या नऊ नंबरवाल्याला मी ओळखत नाही. विधवेच्या दारात परक्या पुरुषाच्या चपला ठेवायला तुम्हाला काही वाटत नाही का? लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील हे आजवर काकाचं वाक्य होतं. ते असं उलटून अंगावर येईल असं त्याला कधी वाटलं नसावं. मी आत उभी राहून ओठ दाबून धरले होते, पण मला राहवेना. मी म्हटलं, “काका, चोराने दुसरं काही नेलं नाही. चपलाच नेल्या. पुरुषाच्या चपलेला घाबरणारा चोर तुला भेटलाय कधी?”

“तू मध्ये बोलू नकोस,” तो म्हणाला. मग आईकडे वळला. “वहिनी, चेष्टा बास. ह्या नको असतील तर सरळ कोथरूडला चला.”

“नाही यायचं मला.”

इतकं सरळ ‘नाही’ मी आईच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. काकानेही नसावं.

“आणि ते पादुकांचं म्हणाला होतात ना तुम्ही,” आई म्हणाली, “मी त्यावर पुष्कळ विचार केला. राज्य भरताने केलं हो. पहाटे उठला असेल, लोकांची भांडणं मिटवली असतील, दुष्काळ बघितला असेल, पूर बघितला असेल. पादुका नुसत्या बसून होत्या. ह्या घरात पाणी भरलं मी, पोर शिकवली मी, गळकी मोरी दुरुस्त करून घेतली मी. आणि राखण कोण करतंय? तर चपला! पुरे झालं आता.”

“उद्या काही झालं तर मला सांगायला येऊ नका.”

“येईन की. दीर आहात तुम्ही. कळवीन सगळं. विचारणार मात्र नाही.” आणि मग जरा मऊ होऊन म्हणाली, “ह्या तुम्हीच घाला. तुमच्या पार झिजल्यात बघा. आणि चहा ठेवलाय, तो घेऊन जा.”

काकाने चहा घेतला नाही. चपला खोक्यात कोंबून, खोकं काखेत मारून धाडधाड जिना उतरला. खालच्या वळणावर क्षणभर पावलं थांबली, मग पुन्हा धाडधाड.

आईने रॅकच्या खालच्या कप्प्यातून आपल्या चपला काढल्या. साध्या, बंद एकदा शिवून घेतलेल्या. त्या पायपुसण्याशेजारी ठेवल्या, वाकड्या वगैरे काही नाही, सरळ. मी माझे सँडल त्यांच्या शेजारी ठेवले. मोजू दे कोणाला मोजायचं ते.

दुपार व्हायच्या आत बेल वाजली. टाय लावलेला, घामाने निथळणारा फिल्टरवाला.

“नमस्कार मॅडम. साहेब आहेत का?”

मी सवयीने घसा खाकरायच्या बेतात होते. आईची मान मागे वळली नाही.

“साहेब वारले,” ती म्हणाली. “मी आहे. काय असेल ते मला सांगा.”

तो बिचारा गडबडला, सॉरी सॉरी म्हणत हातात पत्रक देऊन निघून गेला. आई दार तसंच टाकून आत आली, बाबांच्या फोटोखाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. तेराव्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. कशी रडणार? बाहेर नवरा जिवंत ठेवायचा आणि आत त्याच्यासाठी रडायचं, हे कोणाला जमलंय? मी तिच्याजवळ बसले. मलाही रडू आवरेना. जिन्यातून कोणीतरी वर येत होतं.

“आई, लोक ऐकतील. दार लावू का?”

“राहू दे उघडं,” ती नाक पुसत म्हणाली. “घर माझं आहे.”