पाय धुवायचं पाणी

फोन नीट कानाशी धर, बाई, आज मी रागावणार हाये. मागच्या उन्हाळ्यात तू निर्मलच्या सासरहून माहेरी आली. मी दारात तांब्या घेऊन उभी, अन् लेक माझी कोरड्याच पायानं घरात शिरली.

"आई, आदिलाबादेत नळ चार-चार दिवस येत नाही, अन् तू पायावर पाणी सांडून राह्यली?"

अगं, ते पाणी पायरीखालच्या कढीपत्त्याला जाते. बोअर आटल्यापासून तो आल्यागेल्याच्या पायधुणीवरच जगून राह्यला. यंदा पाऊस लांबला, टँकरच्या पाण्यावर कोण पाहुणा येते? तूही आली नाही. नुसतं झाडाला ओतायला माझा हात धजत नाही, अन् पानं गळून राह्यली.

तांब्या भरून ठेवला हाये. लवकर ये, अन् पाय धुऊनच आत ये.