जोडीनं घेतलेले विषय

तिसगावच्या पुढं आमची वाडी. तिथं रात्री एक एसटी मुक्कामाला येते आणि सकाळी पाथर्डीला निघते. मी पाथर्डी डेपोत मेकॅनिक होतो. निवृत्त होईपर्यंत त्याच गाडीनं कामावर गेलो. म्हणून दिशाचं जे सांगतो आहे ते ऐकीव नाही, बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

दिशा ही सहादेवची मुलगी. त्यांच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून. तिला डॉक्टर व्हायचं होतं. ती हे कोणाला सांगत फिरत नसे. पण दहावीची परीक्षा संपल्यावर बरोबरीच्या मुली मामाच्या गावाला गेल्या आणि हिनं कुठूनतरी अकरावीचं जीवशास्त्राचं जुनं पुस्तक मिळवलं. कॉलेजचे प्रवेश सुरू होण्याआधी ते शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. मी पाना-पक्कडवाला माणूस, पुस्तकातलं मला कळत नाही. पण हातचं राखून केलेलं काम आणि जीव लावून केलेलं काम यातला फरक मला कळतो.

सायन्सला गेलं की भौतिक आणि रसायन घ्यावंच लागतं. पुढं गणित घ्यायचं, जीवशास्त्र घ्यायचं की दोन्ही, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. डॉक्टरकीला जीवशास्त्र हवंच. ते नसेल तर प्रवेशपरीक्षेला बसू देत नाहीत.

दिशाचे विषय ठरले ते तिच्या चुलत्याच्या, कारभारीच्या ओट्यावर. कारभारी सहादेवचा थोरला भाऊ. त्याची ज्योतीही त्याच वर्षी दहावी झाली होती. आमच्या वाडीची एक रीत आहे. मुलगी बाहेर शिकायला जाणार तर एकटी जात नाही, तिला जोड लागते. जोड मिळाली नाही म्हणून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यामुळं दिशा आणि ज्योती बरोबर जाणार हे ठरलेलंच होतं. राहिले होते विषय.

"तुला काय घ्यायचं गं?" कारभारीनं आपल्या मुलीला विचारलं.

"बायोलॉजी सोडून काहीबी," ज्योती म्हणाली. "झुरळ कापावं लागतं म्हने. मला चपलेनं मारता येत न्हाई, कापू कशी?"

ओट्यावरचे सगळे हसले. दिशा हसली नाही.

"तुझं झुरळ मी कापीन. तू नुसती बाजूला हुबी ऱ्हा."

"आन परीक्षेत? तवा बी तूच येती का माझ्या टेबलावर?"

परत हशा. कारभारी मात्र पाथर्डीच्या कॉलेजची चौकशी करून आला होता. जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल दुपारी असायचं. गणित आणि कॉम्प्युटर घेतलेल्या मुली एकच्या गाडीनं परत फिरायच्या.

"म्हंजी एक पोरगी दुपारी येनार, दुसरी दिवस मावळताना," तो म्हणाला. "मग जोड कशाची? दोघी एकच विषय घेतील. गनित आन कॉम्प्युटर."

"आण्णा, मला डॉक्टरकीला जायचंय."

"जा की! कोन न्हाई म्हनतंय? कॉम्प्युटरबिगर आजकाल दवाखाना तरी चालतो का?"

मीही ओट्यावर होतो, मध्ये बोललो. "कारभारी, संध्याकाळच्या गाडीला मी असतो. ड्रायव्हर ओळखीचा, कंडक्टर ओळखीचा, बसणारी माणसं वाडीचीच. पोरगी एकटी कुठं पडते?"

"मिस्तरी, तुमी गाड्या बगा. पोरींचं आमी बगतो."

सगळे सहादेवकडं पाहायला लागले. त्यानं थोरल्या भावापुढं आयुष्यात कधी मान वर केली नव्हती. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "दादा म्हनंल तसं." दिशा उठून घरात गेली.

कॉलेज सुरू झालं. तिचा एक तास मोकळा असायचा तेव्हा जीवशास्त्राचा वर्ग चाले. तिथल्या मॅडमना विचारून ती मागच्या बाकावर बसायला लागली. हजेरीत नाव नाही. प्रॅक्टिकलला तर थांबताच येत नव्हतं, एकला ज्योतीबरोबर निघावं लागायचं. तरी सकाळच्या गाडीत ती मांडीवर वही घेऊन आकृत्या काढायची. आमच्या रस्त्यावर गाडी स्थिर असते ती फक्त थांब्याला. दर खड्ड्याला रेघ भलतीकडं जायची. ती खोडायची आणि परत काढायची.

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता वाकून बघे. "दिशा, हे काळीज हाय का बटाटा?"

"रस्त्याला विचारा," ती म्हणायची. मान वर करायची नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ज्योती गाडीला आली नाही. फिजिक्स डोक्यात शिरत नाही म्हणाली. कारभारी म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे." एवढ्यावर ज्योतीचं कॉलेज संपलं. पुढं यथावकाश तिचं लग्न झालं, ती सुखात आहे. माझा तिच्यावर राग नाही.

दिशा दुसऱ्या दिवशीही गाडीला आली. एकटी. मला वाटलं, आता ओट्यावर परत बैठक बसणार. कोणी बसलं नाही. ज्या रीतीसाठी तिचे विषय फिरवले, ती रीत कोणाला आठवली सुद्धा नाही. मी कारभारीला गाठून विचारलं, "आता एकटी जाते ती?"

"जाती की. अर्ध्यावर सोडून कसं चालंल?"

दिशानं कॉलेजात विषय बदलून मागितला. मुदत कधीच संपली होती. पुढच्या वर्षी अकरावी पहिल्यापासून कर, म्हणाले. ती तयार होती. घरी कारभारी म्हणाला, "वरीस कशाला घालवती? हायेत त्या विषयांना काय काटे हायेत?" सहादेव पुन्हा जमिनीकडं बघत राहिला.

दीड वर्ष ती त्या गाडीनं एकटी गेली. बारावीला गणितात उत्तम गुण पडले. गावानं पेढे खाल्ले. कष्टाचं चीज झालं म्हणाले. मला ते बोलणं आवडलं नाही. चुकीच्या नटाला पाना लावून जोर केला तर आटे जातात. जोर खरा होता, एवढंच म्हणता येईल.

पुढं ती नगरला कॉम्प्युटरचं शिकली आणि तिथंच एका खाजगी दवाखान्यात काउंटरला लागली. आलेल्याचं नाव कॉम्प्युटरवर घ्यायचं, टोकन द्यायचं, नंबर आला की पुकारायचं.

माझे गुडघे गेले आहेत, म्हणून मी तिथं जातो. मध्यंतरी कोणी सांगितलं की आता बारावीनंतरही जीवशास्त्र वेगळं देता येतं, मग डॉक्टरकीच्या परीक्षेला बसता येतं. मी लगेच तिला सांगितलं.

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "ड्युटी आठ ते आठ असते. खोलीवर जाऊन एकदा पुस्तक उघडलं होतं. त्याच्यावरच झोपले." तिनं माझं टोकन दिलं. "नियम यायला उशीर झाला. की मीच लवकर जन्मले?"

परवा मी बाकावर बसलो होतो तेव्हा कारभारी आत आला. त्याला दम लागतो. काउंटरवर हात टेकून तो मागं वळला आणि बसलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमची पुतनी हाय ही. डॉक्टरच करनार हुतो हिला. नशीब एकेकाचं."

दिशानं त्याचं नाव, वय टाइप केलं.

"बसा, आण्णा. तुमच्या आधी माणसं आहेत."

"आगं, घरचा मानूस मी. आत सोड की लवकर. सोबतीला बी कोनी न्हाई, एकटाच आलोय."

"एकट्यानं आलं तरी चालतं, आण्णा," ती म्हणाली. "इथं जोड लागत नाही."

कारभारी टोकन घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. दिशानं पुढचा नंबर पुकारला. तो माझा होता. मी भिंतीला धरून उठलो.