सोडून द्यायचा चेंडू

निगडीच्या मैदानावर तो मला एकदाच भेटला, नाव विचारायचं राहूनच गेलं. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, अंगात कंपनीचाच शर्ट, आणि आला होता बेसबॉलच्या जिल्हा निवडीला. संघात आला तर खेळाडू म्हणून कायम नोकरी लागेल, अशी त्याला आशा होती. आपल्याकडे नुसत्या कामगाराला कायम करत नाहीत. बॅट हातात असली तर विचार करतात.

बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडले की पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. पहिल्या डावात यानं बाहेरचे तिन्ही चेंडू मारायला जाऊन तिन्ही हुकवले होते; तीनदा हुकलं की बाद. दुसऱ्या डावात ओठ घट्ट आवळून तीन सोडले. प्रशिक्षक ओरडले, "भावा, आता नुसता उभा राहा."

चौथा चेंडू घोट्याशी आला. यानं बॅट घातली आणि झेल गेला. निवडही गेली.

"वाईट चेंडू ओळखता येत नाही का?" मी विचारलं.

"येतो की ताई. सुटतानाच दिसतो. पण कायम करावं लागू नये म्हणून कंपनी सात महिन्यांनी ब्रेक देते, घरी बसवते. परत बोलावलं की काम कुठलं, पगार किती, विचारत न्हाई. आपण सोडलं की रांगेतला मागचा घेतोय. हाताला तीच सवय."

मी तावातावानं आमच्या कामगार संघटनेचं पत्रक त्याच्या हातात दिलं: 'मिळेल त्या अटींवर सही करू नका.' त्यानं न वाचता खिशात घातलं.

गेटवर ठेकेदाराचा माणूस भरतीची पत्रकं वाटत होता. तेही त्यानं घेतलं, न वाचता, त्याच खिशात.